उजव्या हाताला रेस्ट

आमच्या स्टील प्लँटच्या टाउनशिपमध्ये सगळ्या दुखण्यांवर एकच औषध चालतं, रेस्ट. ड्यूटीवर कंबर धरली, रेस्ट. डोळ्यात कचरा गेला, रेस्ट. मार्केटमध्ये कोणी बरेच दिवस दिसलं नाही की लोक सायकल थांबवून घरच्यांना विचारतात आणि घरचे जरा तोऱ्यातच सांगतात, "रेस्टवर हाय." रजा मागावी लागते, रेस्ट मिळते, म्हणून तिचा मान मोठा. लहानपणी बाबा घरी आल्यावर म्हणायचे, "डाक्टरनं रेस्ट देली," तेव्हा मला कितीतरी वर्षं वाटायचं की रेस्ट ही एखादी गोळीच असेल आणि बाबा ती खिशात घेऊन आले असतील.

बाबा स्टील मेल्टिंग शॉपमध्ये क्रेन चालवायचे. वर टांगलेल्या केबिनमध्ये बसून खालच्या माणसाच्या इशाऱ्यावर लोखंडाच्या रसाचं भांडं इकडून तिकडे न्यायचं, हे त्यांचं उभ्या जन्माचं काम. दोन्ही हात दांड्यांवर, आणि बोट इकडचं तिकडे झालं तर खाली माणसं. त्यामुळे हातांबद्दल त्यांना गर्व होता. रिटायर झाल्यावरही चहाचा कप काठोकाठ भरून हॉलभर फिरायचे आणि थेंब सांडला नाही की माझ्याकडे बघायचे. मी काही कौतुक करायची नाही. मला म्हातारपणीचे असले नखरे आवडत नाहीत.

एका सकाळी तो कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला. कप फुटला याचं काही नाही, पण नंतरही ते त्या हाताकडे बघत बसले, कोणीतरी स्वतःचा हात इथे विसरून गेलं असावं तसे. आईनं आधी कपाचे तुकडे गोळा केले, कारण कोणाच्या पायात जायला नको. मग तिनं वर बघितलं, बाबांचं तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसलं, आणि तिनं मला हाक मारली. तशी हाक मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

मी नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. लग्न केलं नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलायला आमच्या सेक्टरमध्ये माणसांची कमी नाही. दरवर्षी मी फळ्यावर मेंदूतल्या पेशी म्हणून दोन फुगे काढते, मधे फट ठेवते आणि सांगते की या फुग्यातून ग्लुटामेट बाहेर पडतं, त्या फुग्याच्या दारांवर जाऊन बसतं, दारं उघडतात आणि पुढची पेशी पेटते. मेंदूत पेशींना खवळवणारं सगळ्यात महत्त्वाचं रसायन तेच. मुलं विचारतात, "मॅम, इम्पॉर्टंट है क्या?" मी म्हणते हो, आणि मुलं खाली रेघ मारतात. इतकी वर्षं तो धडा माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडायचा, मी मनात भाजीचा विचार करत असले तरी.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोक्याचा फोटो दाखवला आणि डावीकडचा एक करडा डाग दाखवला. त्या भागाचं रक्त थांबलं होतं. माझ्या डोक्यात धडा सुरू झाला, मी नको म्हणत असताना. रक्त थांबलं की पेशींची ताकद संपते, त्यांना आपलं ग्लुटामेट धरून ठेवता येत नाही, सगळं एकदम बाहेर सांडतं आणि परत आवरताही येत नाही. शेजारच्या पेशी त्यात बुडतात, खवळतात, त्यांच्यात कॅल्शियम भसाभस शिरतं आणि त्याही मरतात. म्हणजे बाबांच्या डोक्यातल्या पेशी नुसत्या उपाशी मेल्या नव्हत्या, कितीतरी जणी शेजारणींच्या ओरडण्यानं मेल्या होत्या. हे सगळं मला माहीत होतं, त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

घरी आणलं तेव्हा बोलणं थोडं जड होतं पण कळायचं. उजवा पाय घसटत का होईना चालायचा. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबायचा. डॉक्टरांनी व्यायामाचं सांगितलं होतं, ते मी आईला समजावलं होतं, आणि आईनं मान हलवली होती. पण मग बाबांच्या शॉपमधली जुनी माणसं भेटायला येऊ लागली. सोफ्यावर बसायची, हाताकडे बघून च्यक् च्यक् करायची आणि सगळी तेच सांगायची.

"हातावर जोर नोका देऊ जी. पूर्न रेस्ट द्या."

"तेच तं करून राहिलो," आई म्हणायची. "उशीवर ठेवला हाय."

खरंच उशीवर ठेवला होता. स्वच्छ अभ्रा घातलेली लहान उशी, तिच्यावर बाबांचा उजवा हात, पाहुण्यासारखा. आई त्याला सकाळ-संध्याकाळ कोमट तेल लावायची आणि परत जागेवर ठेवायची. त्याला कोणी काही काम सांगत नसे. पाणी प्यायचं, अंगावर चादर ओढायची, टीव्हीचा रिमोट दाबायचा, ही सगळी कामं डाव्या हातानं उचलली. राहिलं जेवण. डाव्या हातानं जेवायचं बाबांच्या मनातसुद्धा आलं नाही, आणि आमच्यापैकी कोणी सुचवलंही नाही. त्या हाताची कामं वेगळी, ताटाला तो कसा लावणार? म्हणून आई भरवायची. वरणभात कालवून, घास करून, बाबांच्या तोंडात. ती त्यात रमली होती. लग्न झाल्यापासून या माणसानं ड्यूटीच्या वेळा सांभाळत घाईघाईत जेवण उरकलेलं तिनं पाहिलं होतं, आता तो तिच्या हातून सावकाश जेवत होता.

मलाही ते बरं वाटायचं, हे लिहायला हवं. मी क्लासला निघताना दारातून बघायची आणि वाटायचं, चला, निदान घर शांत आहे.

मग एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायला लागली. तरुण, कुटुंब आंध्रकडचं पण जन्म इथलाच, बोलणं हिंदी. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा जेवण चाललं होतं. ती खुर्चीत बसून सगळं बघत राहिली. आईनं शेवटचा घास भरवला, तोंड पुसलं, मग त्या मुलीनं आपलं बोट बाबांच्या उजव्या तळव्यात ठेवलं.

"अंकल, दबाइए."

काही झालं नाही. ती थांबली. बाबांचा चेहरा लाल झाला, आणि तिचं बोट अगदी हलकं आवळलं गेलं. मनगटही थोडं वर आलं. मी बघत होते. आई म्हणाली, "अगं बाई, जिवंत हाय!"

"जिंदा है, आंटी. पर अंकल सीख रहे हैं. दिन भर यही सीख रहे हैं कि ये हाथ है ही नहीं. और आप लोग सिखा रहे हैं."

असं तोंडावर बोलणारी माणसं मला आवडतात, पण त्या दिवशी मला तिचा राग आला. पुढे ती म्हणाली की सुरुवातीचे काही महिने मेंदू जास्त शिकतो, मग शिकणं अवघड होत जातं. त्यातले बरेचसे आम्ही घालवले होते. आता डावा हात दिवसातले काही तास बांधायचा. उजव्याला दुसरा इलाज ठेवायचा नाही. खाणं त्यानंच, पाणी त्यानंच, दार त्यानंच. कोणी मदत करायची नाही. अंकल चिडले तरी नाही.

ती गेल्यावर मी माझाच धडा नव्यानं वाचला. फटीपलीकडच्या पेशीवर दोन प्रकारची दारं असतात. एक साधं, ग्लुटामेट आलं की उघडणारं. दुसऱ्याच्या तोंडात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं, आणि ते नुसत्या ग्लुटामेटनं निघत नाही. नेमकी त्याच वेळी ती पेशी आधीच खवळलेली असावी लागते. दोन्ही एकत्र जमलं की बूच उडतं, कॅल्शियम बेतानं आत येतं, आणि पेशी आपल्या अंगावर साधी दारं आणखी बसवून घेते. मग तेवढ्याच ग्लुटामेटला ती उद्या जास्त जोरात उत्तर देते. उद्याच नाही, पुढेही कितीतरी दिवस. ज्या रसायनानं बाबांच्या पेशी मारल्या होत्या, तेच उरलेल्यांना शिकवणार होतं. फक्त कोणीतरी तो हात पुन्हा पुन्हा कामाला लावायला हवा होता. आणि घरात ते करणारी मीच होते, कारण आईच्यानं झालं नसतं.

मी आईला हे समजावलं, म्हणजे जेवढं समजावता येतं तेवढं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हंजे त्यायले उपाशी ठेवाचं?"

डाव्या हातासाठी मी बाबांचाच प्लँटमधला चामड्याचा जाड हातमोजा काढला. आई तो गरम कढई उतरवायला वापरायची. मोज्यात हात घातला, बोटांनी काही धरता येऊ नये म्हणून वरून जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळली आणि मनगटाशी गाठ मारली. बाबा बघत राहिले.

"हे काय करून राहिली तू?"

"तुमच्या भल्याचं करून राहिली."

माझा स्वभाव काही गोड नाही. क्लासमधली मुलं मला घाबरतात आणि मला ते चालतं. बाबांशीही मी तशीच वागले, कारण दुसरं कसं वागायचं ते मला येत नव्हतं. तुरीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे. दाराची कडी काढायची, घालायची, परत काढायची. हात काही अंतर जायचा, थरथरायचा, आणि दाणे जमिनीवर. "परत," मी म्हणायची. बाबा म्हणायचे, "पोरी, होत नाई नं." मी म्हणायची, "होते. परत." उजव्या हातात जाड दांड्याचा चमचा देऊन मी त्यांना जेवायला बसवायची आणि अर्धं ताट शर्टावर जायचं. आई स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात निघून जायची आणि पेरूच्या झाडाला पाणी घालत राहायची. त्या दिवसांत त्या झाडाला इतकं पाणी मिळालं की मुळं कुजायची बाकी होती.

बाबांचं वजन उतरलं. आई माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. फिजिओवाली मुलगी मात्र म्हणायची, सुधारणा आहे, चालू ठेवा. मला ती सुधारणा दिसत नव्हती. मला दिसायचं ते एवढंच की एक मोठा माणूस, ज्याच्या बोटांवर खालच्या माणसांचा जीव असायचा, तो माझ्यासमोर वरणानं माखून बसला आहे आणि मी त्याला "परत" म्हणते आहे. मी बाथरूमचा नळ सोडून रडायची. मग तोंड धुऊन बाहेर यायची आणि गाठ घट्ट आहे का बघायची.

अशात आत्या आली. बाबांची मोठी बहीण, भंडाऱ्याकडच्या गावाहून, सोबत पिशवीभर लाखोळीची डाळ. भावाला लाखोळीचं वरण आवडतं म्हणून आणलेली. मी पिशवी उघडून बघितली आणि म्हटलं, ही डाळ या घरात शिजणार नाही. लाखोळीत ग्लुटामेटच्या जातीचंच एक विष असतं, नसांना खवळवणारं, दुष्काळात नुसती तीच खाऊन लोकांचे पाय गेलेत. अधूनमधून वाटीभर खाल्ल्यानं काही बिघडलं नसतं, पण त्या दिवसांत मला कोणतंही खवळवणारं बाबांच्या जवळ नको होतं.

"आमी जनमभर खाल्ली वो," आत्या म्हणाली, "आन् चालून राहिलो नं? तू शिकली तं आमाले शिकवतं का?"

तेवढ्यात तिची नजर बाबांच्या डाव्या हाताकडे गेली. मोजा, ओढणी, गाठ. तिला वाटलं हाताला काही लागलं आहे. आईनं खरं सांगितलं. आत्या सोफ्यावरून उठलीच.

"बापाले बांधून ठेवलं? आमच्या गावात बैलालेबी चारा टाकल्यावर मोकळा सोडते!"

तिनं गाठ सोडली. ती सुटेना तर दातांनी सोडली. मोजा काढून फेकला. ताट वाढलेलं होतंच. तिनं ते मांडीवर ओढलं, घास केला आणि भावाच्या तोंडाशी नेला. बाबांनी तो घेतला. दुसरा घेतला. आणि तिसऱ्या घासाला ते रडायला लागले, तोंडात भात असताना, आवाज न करता. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. तिघांचं एक झालं होतं आणि मी त्या खोलीत कोण होते, तर यांना छळणारी.

मी ताट काढून घेतलं. आत्या ओरडली. मी तिच्याहून मोठ्यानं ओरडले. खाली वाकून मोजा उचलला आणि बाबांचा डावा हात धरला. ते हात सोडवत होते आणि मी सोडत नव्हते.

"मंग मरेपर्यंत दुसऱ्याच्या हातानं जेवा," मी म्हटलं. "आत्या गेल्यावर आई भरवंल. आई गेल्यावर कोन भरवंल? मी नाई भरवनार."

बाबांचा उजवा हात उठला. खांद्यातून उठला, कोपरात वळला आणि फाडकन माझ्या गालावर बसला.

मग माझ्यासकट चौघंही त्या हाताकडे बघू लागलो. तो परत बाबांच्या मांडीवर पडला होता.

"उठला," आई म्हणाली. "उठला वो माय! यायचा हात उठला!"

आत्यानं भावाचा तोच हात उचलून आपल्या कपाळाला लावला. आई देवघराकडे धावली, घंटा वाजली. दोघी हसत होत्या, रडत होत्या, एकमेकींना सांगत होत्या की कसा उठला, किती वर उठला. मी मोजा हातात घेऊन उभी होते. डोळ्यांतून आपोआप पाणी येत होतं आणि गाल तापला होता. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, इतका जोर त्या हातात आहे हे मला कुठं माहीत होतं. पण माझ्या गालाकडे कोणी बघितलं नाही. संध्याकाळी मार्केटमधून पेढे आणले गेले आणि शेजारी वाटले गेले, आणि पेढे वाटायला आईनं मलाच पाठवलं.

बाबा त्याबद्दल काही बोलले नाहीत. बोलणार काय? घरात ती गोष्ट आनंदाची म्हणून सांगितली जात होती. आत्या लगेचच्या गाडीनं परत गेली ती हीच बातमी घेऊन. रागात हात उठला, एवढंच आईकडून ऐकून फिजिओवाली मुलगी टाळ्या वाजवून म्हणाली, "अंकल, वाह! किस पर गुस्सा आया था?" बाबांनी खाली बघितलं. मी म्हटलं, "मुझ पर," आणि ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

त्यानंतर हात भराभर सुधारला. थपडेमुळे नाही, एका थपडेनं हात सुधारत नसतो. आपला हात उठतो हे बाबांना स्वतःला दिसलं, म्हणून ते मन लावून काम करू लागले. मोजा आता तेच मागायचे. दाणे वाटीत पडू लागले. चमचा तोंडापर्यंत जाऊ लागला, मग चमचा सोडून बोटांनी भाताचा घास जमू लागला. आई ताट वाढून समोर बसायची, आणि तिचे हात नुसतेच पदराशी चाळा करायचे.

एका दुपारी मी बाबांच्या उजव्या बाजूला बसून मुलांचे पेपर तपासत होते. बाबांनी पाण्याचा ग्लास घ्यायला हात उचलला आणि माझी मान झटक्यानं मागं गेली. मला कळायच्या आत गेली. पेन पडलं. बाबांचा हात तिथंच हवेत थांबला. मी म्हटलं, "काही नाई, माशी होती." बाबांनी मान हलवली.

माशी नव्हती. दोन दिवसांनी तेच झालं, ते चष्मा काढत होते तेव्हा. मग ते केस विंचरत होते तेव्हा. मला माझ्या मानेचा संताप यायला लागला. बाबांनी जन्मात एकदा माझ्यावर हात उचलला, तोही आजारपणात, तोही मी भडकवल्यावर, आणि मला त्यांची भीती नव्हती. देवाशप्पथ नव्हती. पण मानेला कोण समजावणार? मी हाही धडा शिकवते. भीतीही त्याच दारांनी, तशीच बुचं उडवून आत शिरते. फरक इतकाच की दाणे उचलायचं शिकायला हजारदा उचलावे लागतात आणि भीतीला एकदा पुरतं. बाबांच्या हातानं महिनेच्या महिने घालवून जे मिळवलं, ते माझ्या मानेला एका दुपारी फुकटात मिळालं. आणि असं शिकलेलं पुसता येत नाही, त्याच्यावर फक्त दुसरं काहीतरी शिकता येतं, सावकाश, आणि त्याची खात्री नसते.

त्यानंतरचे काही आठवडे क्लासमध्ये परीक्षांचे दिवस होते. मी घरी कमी असायची. पण असायची तेव्हा मला बाबांचा उजवा हात दिसायचा तो मांडीवर, टॉवेलखाली. चहा डाव्या हातानं. रिमोट डाव्या हातानं. माझं जेवण आणि त्यांचं जेवण कधी एका वेळी यायचंच नाही. मी विचारलं तर आई म्हणायची, यायले लवकर भूक लागते. मी ते खरं मानलं, कारण मला वेळ नव्हता.

मग फिजिओवाली मुलगी एक दिवस माझ्यावरच उखडली. "दीदी, हाथ फिर से अकड़ रहा है. क्या हो रहा है घर में?" तिनं बाबांना विचारलं की वापरत का नाही. बाबा म्हणाले, "थोडा रेस्ट दे रहे हैं."

ती गेल्यावर मी आईला स्वयंपाकघरात धरलं. मी चिडले होते. इतकं करून परत तेच? परत उशी? म्हटलं, तूच लाडावून ठेवते त्यायले. आईनं गॅस बंद केला. खूप दिवसांनी तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"मी नाई काई करत. तू क्लासले गेली की ते उजव्याच हातानं जेवते. तू घरी असली की काढतच नाई हात. मी म्हनलं कावून, तं म्हनते, पोरगी दचकते." तिनं कढईवर झाकण ठेवलं. "म्हनते, जाऊ दे तो हात. तिले भेव लागते त्याचा."

मी तिथंच ओट्याला टेकून खाली बसले. खूप रडले. आईनं मला उठवलं नाही, तीही शेजारी फरशीवर बसली. गालावरच्या त्या थपडेनंतर कोणी माझ्या शेजारी असं बसलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बाबांचं ताट वाढलं आणि त्यांच्या उजव्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लावून बसले. माझं ताट घेतलं नाही. बाबांनी डावा हात मांडीवर ठेवला, उजवा टॉवेलखाली ठेवला, आणि आई येऊन मला उठवेल म्हणून वाट बघत बसले. आई आली नाही, मी तिला सांगून ठेवलं होतं.

"जेवा नं, बाबा."

"तू जाय, मंग जेवतो."

"मी नाई जात. मले भूक लागली. मले तुमीच भरवा."

मी टॉवेलकडे बोट दाखवलं. म्हटलं, त्याच हातानं.

"मी परत मारीन असं वाटते का तुले?" त्यांनी विचारलं. फार सावकाश विचारलं, आणि उत्तर ऐकायची त्यांची तयारी नव्हती हे दिसत होतं.

"मले नाई वाटत, बाबा. मानंले वाटते. तिले शिकवा लागंल आता."

मग टॉवेल हलला. हात बाहेर आला, ताटात गेला, बोटांनी भात गोळा केला. निम्मा सुटला, त्यांनी परत गोळा केला. मग तो हात माझ्या तोंडाकडे यायला निघाला, थरथरत, जरा डावीकडे, जरा वर, आणि मी डोळे उघडे ठेवले होते. शेवटच्या वितीवर आला तशी माझी मान गेली मागं.

भात माझ्या गळ्यावर पडला, तिथून ओढणीत. बाबांनी हात आखडता घेतला आणि टॉवेल शोधायला लागले. मी टॉवेल उचलून पाठीमागं टाकला, पुढं सरकले आणि तोंड उघडून बसून राहिले.